फ्रेंच शिपायाला स्वीडनच्या राजानं दत्तक घेतलं ते कसं काय?

टिळकवाडी_काका:
नमस्कार मंडळी. आमची थोरली स्वीडनला शिकायला आहे, ती परवा फोनवर म्हणाली की पप्पा इथला राजा मूळचा फ्रेंच घराण्यातला, बर्नाडोट आडनावाचा, आणि त्यांचा मूळपुरुष म्हणजे वकिलाचा पोरगा, सैन्यात साधा शिपाई म्हणून लागलेला. मी म्हटलं देश जिंकला असेल, नाहीतर नेपोलियननं आपले भाऊ जागोजागी बसवले तसा हाही बसवला असेल. तर म्हणे नाही, तिथल्या म्हाताऱ्या राजानं रीतसर दत्तक घेतला!

आता दत्तक म्हटलं की आपल्या भागातल्या माणसाला आधी राणी चेन्नम्माचं कित्तूर आठवणार. १८२४ ला शिवलिंगप्पाचं दत्तकविधान धारवाडचा कलेक्टर थॅकरे मानायला तयार नव्हता, पुढं काय झालं ते आपण शाळेपासून ऐकतोय. आणि तिकडं त्याच्या १४ वर्षं आधी ४७ वर्षांचा परका गडी, बायको-मुलासकट, भाषा येत नाही, पंथ वेगळा, तो दत्तक चालला? कोणाला नीट माहिती असेल तर सांगा. यूट्यूबवर बघितलं पण तिथं नुसत्या लढाया नि म्युझिक.

नंदगडचा_मास्तर:
काका, नेपोलियननं बसवलं हे आधी डोक्यातून काढा. त्यानं अडवलं नाही एवढंच. हे प्रकरण १८०९ पासून धरावं लागतं.

तेव्हा स्वीडनचा राजा गुस्ताव चौथा अडॉल्फ. ह्याच्या बापाला, गुस्ताव तिसऱ्याला, १७९२ साली स्टॉकहोमच्या ऑपेरात मुखवटे घालून नाच चालू असताना पाठीमागून गोळी घातलेली, तेरा दिवस तळमळून गेला. मुलानं रशियाशी लढाईत फिनलंड घालवलं, आणि फिनलंड म्हणजे कोपऱ्यातला एखादा तालुका नव्हे, कित्येक शतकं स्वीडनच्या राज्यात असलेला मुलूख. मग मार्च १८०९ मध्ये त्याच्याच अधिकाऱ्यांनी राजवाड्यात घुसून राजाला धरला. त्यांची संसद, तिला रिक्सडाग म्हणतात, तिनं सांगितलं हा नको आणि ह्याचा पोरगाही नको. पोरगा तेव्हा नऊ वर्षांचा, त्याचा काय दोष, पण नको म्हणजे नको. चुलत्याला आणून बसवला, कार्ल तेरावा, साठीचा माणूस, तब्येत गेलेली, स्वतःचं मूल जगलेलं नाही. आणि त्याला मुकुट दिला तो ६ जून १८०९ ला, त्याच दिवशी नव्या राज्यघटनेवर सही घेऊन. म्हणजे अटी आधी, गादी मग.

आता वारस पाहिजे. पहिल्यांदा डेन्मार्कच्या राजघराण्याच्या शाखेतला एक ऑगस्टेनबोर्गचा राजपुत्र निवडला, त्याला दत्तक घेतला, कार्ल ऑगस्ट नाव ठेवलं. लोकांना आवडलेला. तो मे १८१० मध्ये दक्षिणेत सैन्याच्या कवायतीत घोड्यावर असताना खाली कोसळला आणि तिथंच गेला. डॉक्टरांनी मेंदूचा झटका सांगितला, पण गावगप्पा सुरू की विष घातलं, आणि बोट कुणाकडं तर फेर्सन नावाच्या मोठ्या सरदाराकडं. फ्रान्सची राणी मारी अंत्वानेत पळाली तेव्हा तिला पॅरिसबाहेर काढणारा तो हाच फेर्सन. २० जूनला स्टॉकहोममध्ये राजपुत्राची अंत्ययात्रा, हा दरबारी थाटात गाडीतून पुढं, लोकांनी दगडफेक सुरू केली, गाडीच्या काचा फुटल्या, हा जवळच्या घरात शिरला तर तिथनं ओढून बाहेर काढला आणि रस्त्यावर तुडवून मारला. सैनिक उभे होते तिथं, कोणी हललं नाही. चौकशीत नंतर विषाचा काहीच पुरावा निघाला नाही.

अशा वातावरणात दुसरा वारस शोधायचा होता. दरबाराच्या मनात होतं की मेलेल्या राजपुत्राच्या भावालाच घ्यावं. तसं नेपोलियनला कळवायला पॅरिसला जी माणसं पाठवली त्यात कार्ल ओट्टो म्योर्नर नावाचा एक लेफ्टनंट, वय २९. ह्या बहाद्दरानं कोणाला न विचारता थेट मार्शल बर्नाडोटचं घर गाठलं आणि म्हणाला आमच्या गादीला उभे राहता काय! परत आल्यावर सरकारनं त्याला नजरकैदेत टाकला. पण बी पडलेलं. बर्नाडोटचं नाव स्वीडिश अधिकाऱ्यांना माहीत होतं, कारण १८०६ ला ल्यूबेकला त्यानं पकडलेल्या स्वीडिश सैनिकांना चांगलं वागवलेलं. शिवाय लोकांना वाटलं फ्रेंच सेनापती आणला तर फिनलंड परत मिळेल. २१ ऑगस्ट १८१० ला ओरेब्रो गावात रिक्सडागनं त्याला युवराज निवडला. मग तो आला, वाटेत ऑक्टोबरमध्ये कॅथलिक पंथ सोडून लुथरन झाला, नोव्हेंबरमध्ये राजानं दत्तक घेतला आणि नाव झालं कार्ल योहान.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे की तिथं निवड झाली आधी, दत्तक झालं मागनं. दत्तक म्हणजे वर मारलेला शिक्का. कित्तूरला दत्तक खरं होतं, घरच्यांना मान्य, रयतेला मान्य, पण ‘होय’ म्हणायचा अधिकार कंपनी सरकारनं आपल्याकडं ओढलेला. स्वीडनमध्ये तो अधिकार रिक्सडागकडं होता, आणि वरती कोणी थॅकरे बसलेला नव्हता.

निपाणीकर_बी:
काय सांगालाय मास्तर, वरती कोणी नव्हता कसा? नेपोलियन होता की! अख्खा युरोप त्याला टरकून होता. त्याचा मार्शल म्हणूनच ह्याला घेतला, नाहीतर वकिलाच्या पोराला कोण विचारतंय. मान्यता मागायला माणसं पॅरिसलाच पाठवलेली तुम्हीच लिहिलंय.

नंदगडचा_मास्तर:
बरोबर मुद्दा आहे, भीती होतीच. पण पुढं काय झालं ते बघा. नेपोलियननं जानेवारी १८१२ मध्ये जर्मनीतला स्वीडनचा पोमेरेनिया घेतला, तर हा कार्ल योहान रशियाच्या झारला जाऊन भेटला आणि १८१३ मध्ये लाइपझिगला आपल्याच जुन्या मालकाविरुद्ध सैन्य घेऊन उभा. फिनलंडचा नाद त्यानं सोडला, म्हणाला रशियाच्या तोंडातला घास काढून रोजची कटकट कशाला, त्यापेक्षा डेन्मार्ककडनं नॉर्वे घेऊ. जानेवारी १८१४ च्या कील तहात घेतलं पण. ज्यांनी फिनलंडसाठी आणला त्यांना फिनलंड मिळालं नाहीच. १८१८ ला गादीवर बसला, १८४४ पर्यंत राज्य केलं. आणि १८१४ नंतर स्वीडननं एकही युद्ध केलेलं नाही, दोन्ही महायुद्धं बाहेर राहून काढली.

माणूस म्हणून मात्र अवघड होता असं मला वाटतं. स्वीडिश शेवटपर्यंत नीट आली नाही, सगळा कारभार फ्रेंचमध्ये. सकाळी बराच वेळ अंथरुणातच, तिथंच कागद, तिथंच भेटी, आणि मधे माग्नुस ब्राहे नावाचा एक विश्वासू, त्याच्याशिवाय पान हलत नसे. लोक ह्या कारभाराला ‘शेजघरातलं राज्य’ म्हणून नावं ठेवायचे.

शहापूरची_वहिनी:
तुम्ही सगळे पुरुष मंडळी लढाया आणि तह घेऊन बसलाय, खरी मजा सोयरिकीत आहे ती कोणी सांगतच नाही 😀 ह्या बर्नाडोटची बायको डेझिरे क्लारी, मार्सेच्या रेशमाच्या व्यापाऱ्याची मुलगी. हिचं लग्न आधी नेपोलियनशी ठरलेलं! त्यानं मोडलं आणि जोसेफिनशी केलं. हिची बहीण ज्युली नेपोलियनच्या थोरल्या भावाला दिलेली, म्हणजे बोलणं-येणंजाणं तुटलं नाहीच. मग हिनं १७९८ ला बर्नाडोटशी लग्न केलं, मुलगा झाला त्याचं नाव ऑस्कर, आणि ते नाव सुचवलं कुणी, तर नेपोलियननं. १८११ च्या सुरुवातीला बाई स्टॉकहोमला आली, थंडी बघून काही महिन्यांतच परत पॅरिसला गेली ती थेट १८२३ ला आली. नवरा राजा होऊन पाच वर्षं झालेली तरी ही तिकडंच. आपल्याकडं सासरी नांदायला जात नाही म्हणून केवढा गोंधळ झाला असता.

आणि १८२३ ला आली ती मुलाच्या लग्नासाठी. सून कोण? जोसेफिन, त्या पहिल्या जोसेफिनची सख्खी नात! म्हणजे जिच्यामुळं हिचं ठरलेलं मोडलं तिचीच नात हिची सून. दागिनेसुद्धा त्या घरचे आले, त्यातले काही अजून स्वीडनच्या राण्या घालतात. ह्याच्यावर सिरीयल काढली तर दहा वर्षं चालेल.

अजून एक राहिलं. मास्तरांनी सांगितला ना नऊ वर्षांचा पोरगा ज्याला नको म्हणाले, त्याच्या बहिणीची पणती… थांबा, नीट सांगते. हाकललेल्या राजाची मुलगी सोफी, जर्मनीत बाडेनला दिलेली. तिच्या मुलाची मुलगी व्हिक्टोरिया. ह्या व्हिक्टोरियाचं लग्न १८८१ मध्ये बर्नाडोट घराण्यातल्या गुस्तावशी झालं, तो पुढं गुस्ताव पाचवा. म्हणजे जुनं घराणं माहेरच्या बाजूनं परत गादीवर आलंच, नातीच्या रूपानं. आजचा राजा दोन्हीकडचा वंशज आहे.

निपाणीकर_बी:
वहिनी 🙏 बहिणीची पणती नव्हे, बहिणीची नात. बाकी एक नंबर.

मास्तर, नॉर्वेचं काय झालं ते सांगितलं नाही तुम्ही, आमच्या सीमाभागातल्या लोकांना तेच ऐकायचंय की.

नंदगडचा_मास्तर:
ऐका मग. १८१४ ला नॉर्वेवाल्यांना विचारलं कोणी? डेन्मार्कनं तहात देऊन टाकलं. त्यांनी आइडस्वोलला जमून १७ मे १८१४ ला आपली घटना लिहिली आणि आपला राजा निवडला. कार्ल योहाननं सैन्य नेलं, थोडीशी लढाई झाली, पण ऑगस्टमध्ये समझोता केला: राजा एक, पण नॉर्वेची घटना आणि संसद त्यांचीच राहणार. शहाणपणाचं काम. असं ९१ वर्षं चाललं. शेवटी वाद कशावरनं, तर परदेशात स्वतःचे वकिलात-अधिकारी नेमायचा हक्क पाहिजे म्हणून. ऑस्कर दुसऱ्यानं त्या कायद्याला सही नाकारली, नॉर्वेच्या संसदेनं ७ जून १९०५ ला जाहीर केलं की युनियन संपलं. ऑगस्टमध्ये मतदान घेतलं. वेगळं व्हायच्या बाजूनं ३,६८,२०८ आणि विरोधात १८४! बायकांना तेव्हा मत नव्हतं, त्यांनी वेगळ्या सह्या गोळा केल्या. मग कार्लस्टाडला दोन्हीकडचे लोक बसले, सीमेवरचे किल्ले पाडायचे ठरलं आणि गोळी न चालता वेगळे झाले. नंतर नॉर्वेनं डेन्मार्कच्या राजपुत्राला बोलावलं तर तो म्हणाला आधी लोकांना विचारा राजा पाहिजे का. परत मतदान, मग आला, हाकॉन सातवा. त्याची आई लुईसा परत बर्नाडोटचीच, वहिनींना आवडेल.

निपाणीकर_बी:
१८४!!! एकेकाचं नाव काढता येईल एवढेच. आणि आम्ही १९५६ पासून…

कट्टा_ॲडमिन:
निपाणीकर, त्यासाठी वेगळा धागा आहे, चारशे रिप्लाय झालेत, तिथं या. इथं स्वीडन.

खडेबाजार_बुकवर्म:
एक शंका. आत्ताचा राजा कार्ल सोळावा गुस्ताव. मग आधी पंधरा कार्ल होऊन गेले का? माझ्या यादीत इतके सापडत नाहीत.

नंदगडचा_मास्तर:
सापडणार नाहीत, कारण झालेच नाहीत. सोळाव्या शतकात योहान्नेस माग्नुस नावाच्या एका आर्चबिशपनं स्वीडनचा इतिहास लिहिला, आणि देश लई प्राचीन दाखवायच्या नादात राजांची यादी कल्पनेनं लांबवली. गुस्ताव वासा, ज्यानं १५२३ ला डेन्मार्कच्या हातून देश सोडवला, त्याच्या मुलांनी तीच यादी धरून आकडे लावले, एरिक चौदावा, कार्ल नववा असे. खरा पहिला कार्ल म्हणजे बाराव्या शतकातला, ज्याला ‘सातवा’ म्हणतात. म्हणजे आत्ताचा खरं तर दहावा. आपल्याकडं भाट लोक घराण्याची वंशावळ थेट सूर्यापर्यंत नेत होते, तेच काम.

टिळकवाडी_काका:
मंडळी, भरपूर मिळालं, धन्यवाद. पण आजच्या राजाला अधिकार काय? मुलगी म्हणते नुसता नोबेल वाटायला असतो. आणि तिला स्टॉकहोमला ह्यातलं काय बघायला सांगू?

नंदगडचा_मास्तर:
मुलगी फार चुकीचं बोलत नाही. १९७५ पासून नवी घटना लागू झाली, त्यात पंतप्रधान नेमायचं कामसुद्धा राजाकडं नाही, ते संसदेचा सभापती बघतो. कायद्यावर राजाची सही लागत नाही. ब्रिटनच्या राजाकडं कागदावर तरी आहे, ह्यांच्याकडं कागदावरही नाही. १९८० पासून थोरलं मूल वारस, मुलगा असो की मुलगी, म्हणून सात महिन्यांच्या कार्ल फिलिपचं युवराजपद जाऊन थोरल्या बहिणीला, व्हिक्टोरियाला मिळालं. राजाला तो बदल तेव्हा आवडला नव्हता, पण विचारतो कोण.

बघायचं तर राजवाड्याच्या तळघरात शस्त्रागाराचं म्युझियम आहे, तिथं गुस्ताव तिसऱ्याचा नाचातला पोशाख ठेवलाय, पाठीवर गोळीचं भोक दिसतं. आणि जवळच रिडारहोल्म चर्च, तिथं राजेलोकांच्या समाध्या, कार्ल योहानची लालसर दगडाची मोठी शवपेटी आहे. पण ते चर्च वर्षभर उघडं नसतं, तिला जायच्या आधी वेळा बघून जायला सांगा.