‘ख्रिश्चन कॅरेक्टर’ला मराठीत काय म्हणाल? (दगडावर कोरायचंय)

शरणपूररोडचा_नातू: नमस्कार मंडळी. आजी दोन महिन्यांपूर्वी प्रभूमध्ये निजली, आता कबरीवर दगड बसवायचाय. कॅनडातल्या आत्याने इंग्रजीत ओळ पाठवलीय, त्यात ‘ख्रिश्चन कॅरेक्टर’ असं आहे. मी आपलं सरळ ‘ख्रिस्ती चारित्र्याची स्त्री’ केलं तर आई म्हणाली बाईच्या दगडावर चारित्र्य हा शब्द घालायचा नाही म्हणजे नाही, लोक विचारतील असं काय झालं होतं. आधी हसलो, मग पटलं. पासपोर्टला पोलीस चारित्र्य पडताळणी करतात आणि नवरे बायकोच्या चारित्र्यावर संशय घेतात, याशिवाय हा शब्द ऐकतो कुठे आपण? कॅरेक्टर तसंच ठेवावं तर ‘काय कॅरेक्टर आहे राव’ म्हणजे आपल्याकडे विक्षिप्त माणूस. आजी कशी होती सांगतो म्हणजे अंदाज येईल. चाळीतल्या अकरा घरांच्या किल्ल्या तिच्या दारामागच्या खिळ्यांवर असायच्या. सगळे कामाला जाताना तिच्याकडे देऊन जायचे, त्यात ख्रिस्ती घरं तीनच. कोरणारा अक्षरावर पैसे घेतो, तेव्हा आटोपशीर सुचवा.

गोदाकाठ: सोपंय. शील. बायबलमध्येच आहे, रोमकरांस पत्र ५:४, धीराने शील आणि शीलाने आशा.

पंचवटीतली_मावशी: अरे बाबा, चारित्र्य नको म्हणून शील? शीलभंग, शीलभ्रष्ट, सगळं बायकांच्याच डोक्यावर. आगीतून फुफाट्यात. तुझी आई बरोबर बोलली.

त्रिरश्मी: मावशी, माफ करा, पण शील म्हणजे बायकांचं तेवढंच हे पेपरवाल्यांनी आणि सिनेमावाल्यांनी केलं. आमच्या घरी पंचशील रोज म्हणतात, बापेही म्हणतात, त्यात चोरी न करणं आहे, खोटं न बोलणं आहे, दारू न पिणं आहे. सहनशील, विनयशील हे शब्द बघा. शील म्हणजे अंगवळणी पडलेली रीत. चार लोकांनी शब्द नासवला म्हणून आपण तो सोडून द्यायचा का?

पंचवटीतली_मावशी: सोडू नका हो, पण दगड वाचणाऱ्याला तुम्ही समजावत उभे राहणार आहात का तिथे?

सातपूरचा_मास्तर: ते पत्र लिहिणाऱ्या पौलाचा, शीलच्या जागी, मूळ ग्रीक शब्द आहे दोकिमे. म्हणजे पारखून खरं ठरलेलं, सोनंचांदी पारखतात तसं. सराफ बाजारात जुन्या पेढीवर काळा दगड बघितला असेल, कसोटी, त्यावर दागिना घासून कस बघतात. माझं मत विचाराल तर तिथे ‘कस’च शोभला असता, संकटाने धीर, धीराने कस. शील जन्मजात असल्यासारखं वाटतं, कस घासल्याशिवाय कळत नाही. गंमत म्हणजे कॅरेक्टर हा शब्दही ग्रीकच, खाराक्तेर, म्हणजे कोरलेली खूण, ठसा. तो बायबलच्या नव्या करारात एकदाच येतो, इब्री लोकांस पत्र १:३ मध्ये, आणि तिथे मराठीत प्रतिरूप केलंय. आता चारित्र्य कुठून आलं तर चर् धातूपासून, म्हणजे चालणं. आपल्या म्हाताऱ्या बायका चालचलणूक म्हणायच्या ते त्याच अर्थाने. इंग्रजी शब्द दगडावरचा, मराठी शब्द रस्त्यावरचा. मला मराठी जास्त आवडतो.

प्रेसवाले_काका: मास्तर, ठशावरून आठवलं. मी नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमध्ये, नोटा-स्टॅम्प छापतात तिथे, चौतीस वर्षं काढली. गेटवर रोज झडती. लोक म्हणायचे काका किती प्रामाणिक. मी म्हणायचो, अरे झडती देऊन बाहेर पडणाऱ्याला स्वतःलाच कळत नाही तो प्रामाणिक आहे की नाही. या मुलाच्या आजीला झडती नव्हती. त्याला जुना शब्द सचोटी. चार अक्षरंही नाहीत, स्वस्तात काम होईल.

वसईचा_पाहुणा: सचोटी छान. पण मग ‘ख्रिस्ती’ कशाला? शेजारची हिंदू बाई तेवढीच सचोटीची असेल तर तिला ‘हिंदू सचोटी’ म्हणणार का? मी स्वतः कॅथलिक आहे, मला हे जरा मिरवल्यासारखं वाटतं.

शरणपूररोडचा_नातू: नाही हो, मिरवणं नाही. आजीला कुणी चांगली म्हटलं की ती चिडायची. म्हणायची मी चांगली नाहीये, मला धरून ठेवलंय. एकदा रविवार कारंज्यावर भाजीवाल्याने पन्नास जास्त परत दिले, घरी येऊन मोजल्यावर कळलं, भर मे महिन्यात चालत परत गेली. कशाला गेलीस म्हटलं तर म्हणे झोप लागली नसती.

गोदाकाठ: हेच तर. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता अशी आत्म्याच्या फळाची नऊ नावं आहेत आणि फळ हा शब्द मात्र एकवचनी. नाशिककराला द्राक्षाचा घड काय समजावायचा, मणी वेगळे, देठ एक. वेलीला धरून आहे तोवरच.

वसईचा_पाहुणा: त्या यादीत शेवटी इंद्रियदमन आहे, त्यावरही बोला कधीतरी. काय भयंकर शब्द. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, केडगावला बायकांकडून छापून घेतलं, ते खेड्यातल्या बाईला कळावं म्हणूनच ना?

सातपूरचा_मास्तर: इंद्रियदमन अचूक आहे. सोपं करायच्या नादात धार जाते.

पंचवटीतली_मावशी: धार तुमच्याकडे ठेवा. माझी ख्रिस्ती मैत्रीण म्हणते ‘तिची साक्ष चांगली आहे’. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, कुठल्या कोर्टात? तिला हसू आवरेना. जगण्यातून दिसतं ती साक्ष, म्हणाली. नातवा, हेच लिही.

त्रिरश्मी: साक्ष चर्चच्या मंडळीबाहेर कुणाला कळणार? तुम्हालाच कळली नव्हती.

गोदाकाठ: अवांतर, पण ठसा आणि कोरणं निघालंच आहे तर. शरणपूरच्या मिशन शाळेत गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकली, त्यातला जेकब वेनराइट. १८७३ साली आफ्रिकेत फिरणारा मिशनरी प्रवासी लिव्हिंग्स्टन तिथेच वारला तेव्हा याने झाडावर त्याचं नाव कोरलं आणि मग बाकीच्यांबरोबर ते शव हजार मैलांवर चालत किनाऱ्याला पोचवलं. कोरणंही झालं, चालणंही झालं, मास्तर. शरणपूर नाव ‘शरण’वरूनच ना?

सातपूरचा_मास्तर: शरणवरूनच. पण शरण म्हणजे आसरा, आपण समजतो तसं हार मानणं नव्हे. त्यावर वेगळा धागा काढा.

प्रेसवाले_काका: आणि ‘निजली’ लिहू नका दगडावर, ‘ख्रिस्तवासी’ लिहा. निजली म्हणजे दुपारची वाटते.

वसईचा_पाहुणा: काका, निजलेला उठतो म्हणूनच निजली म्हणतात. वासी झाला की कायमचा मुक्काम.

शरणपूररोडचा_नातू: कोरणाऱ्याशी बोललो. तो म्हणतो शब्द कुठलाही आणा पण चारित्र्य नको, त्र्य काढताना टवका उडतो. शनिवारपर्यंत सांगायचंय. सचोटी, साक्ष की कस? की नुसतं नाव?

पंचवटीतली_मावशी: त्या अकरा किल्ल्या आता कुणाकडे असतात रे?

शरणपूररोडचा_नातू: आपापल्या घेऊन गेले सगळे. दोन अजून खिळ्यावर आहेत, कुणाच्या ते कळत नाहीये.

प्रेसवाले_काका: कुलपाचा नंबर असतो किल्लीवर, बघा. आणि ख्रिस्तवासीच लिहा.