पीएचडीसाठी अ‍ॅस्ट्रोफिजिक्समधलं फील्ड कसं निवडायचं? सगळी नावं सारखीच वाटतायत

ध्रुवतारा_०७:
एमएस्सी फिजिक्सचं शेवटचं वर्ष चालू आहे, पीएचडीसाठी एका विद्यापीठाची फॅकल्टी लिस्ट बघतोय. एका सरांपुढे कॉम्पॅक्ट ऑब्जेक्ट्स (कृष्णविवरांसारखे अतिघन पिंड) लिहिलंय, एका मॅडमपुढे हाय एनर्जी, तिसऱ्यांपुढे पल्सार, आणि पेपर उघडले तर तिघंही न्यूट्रॉन ताऱ्यांवरच (मोठा तारा फुटल्यावर उरणारा अतिघन गाभा)! मलाही तेच करायचंय, पण मग गाईड म्हणून कोणाला मेल करू?

रेडिओवाली:
तारा एकच, पण रोजचं काम पार वेगळं. पल्सार म्हणजे फिरताना ठरावीक वेळाने स्पंद पाठवणारा न्यूट्रॉन तारा; पल्सारवाले रेडिओ टेलिस्कोपचा डेटा घेऊन हे स्पंद नेमके कधी पोचतात ते मोजतात, चांगल्या पल्सारसाठी अगदी मायक्रोसेकंदापर्यंत, आणि नुसत्या या वेळा बघून हल्स आणि टेलर या खगोलशास्त्रज्ञांनी १९७४ ला शोधलेल्या, एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोडीची कक्षा आकसतेय हे कळलं, म्हणजे ती गुरुत्वीय लहरींतून (अवकाश-काळातल्या तरंगांतून) ऊर्जा गमावतेय हे समजलं, तेही या लहरी २०१५ ला थेट पकडल्या त्याच्या कितीतरी आधी! मला अजूनही याचं फार अप्रूप वाटतं. हाय एनर्जीवाले एक्स-रे बघतात, ते वातावरणातून खाली येतच नाहीत म्हणून सगळी मदार उपग्रहांवर, आणि फोटॉन कमी मिळाले की स्टॅटिस्टिक्स पक्कं लागतं. कॉम्पॅक्ट ऑब्जेक्ट्सवाले सर थिअरीचे असतील तर ताऱ्याच्या आतला पदार्थ किती दाब सोसतो ते गणितातून काढत असणार, टेलिस्कोपचा डेटा तुझ्या हातात क्वचितच येईल. त्यामुळे आधी थिअरी, ऑब्झर्वेशन, सिम्युलेशन की इन्स्ट्रुमेंट हे ठरव, तारा नंतर.

क्ष_किरण:
बरोबर आहे, पण या भिंती एवढ्या पक्क्या नाहीत हं. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले त्याच्या गुरुत्वीय लहरी मिळाल्या, १.७ सेकंदांनी गामा किरण, काही तासांत साध्या प्रकाशात तो एनजीसी ४९९३ दीर्घिकेत सापडला, नंतर एक्स-रे आणि रेडिओतही दिसला. सगळ्या फील्डची माणसं एकाच घटनेवर तुटून पडली. म्हणून गाईड असा बघ जो दुसऱ्या ग्रुपसोबतही पेपर लिहितो.

ध्रुवतारा_०७:
खूप मदत झाली! मला डेटा हाताळायला आवडतं, म्हणजे पल्सार किंवा एक्स-रे. कोडिंग किती लागेल?

रेडिओवाली:
पायथन आणि लिनक्स आत्तापासूनच सुरू कर. आणि मेल करायच्या आधी आर्काइव्हवर (arXiv, संशोधक आपले पेपर मोफत टाकतात ती वेबसाइट) त्या ग्रुपचे गेल्या दोन-तीन वर्षांचे पेपर काढ, पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे का बघ, जमलं तर त्या विद्यार्थ्याशीच बोल, दिवसभर काय करतो ते विचार.