होंडा सिटी व्हीटेकचा ॲल्युमिनियम ब्लॉक १.२ बार बूस्टसाठी मजबूत कसा करावा?

प्रश्न : खानापूर_व्हीटेक

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे पहिल्या पिढीतली होंडा सिटी १.५ व्हीटेक आहे. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ८४.५ मिमी आणि कंपनीतून बाहेर पडली तेव्हा १०६ अश्वशक्ती. लहान टर्बो बसवून ती सध्या ०.५ बार बूस्टवर, म्हणजे टर्बोने हवेला दिलेल्या तेवढ्या जादा दाबावर, चालते आणि त्या बूस्टवर इंजिनाची काहीही तक्रार नाही. आता मोठा टर्बो, फोर्ज्ड पिस्टन आणि फोर्ज्ड कनेक्टिंग रॉड घालून १.२ बारपर्यंत जाण्याचा विचार आहे. गाडी रस्त्यावर चालवायची नाही, ती ट्रेलरवरून ट्रॅकवर नेली जाईल.

अडचण ब्लॉकची आहे. हेड काढल्यावर वरून पाहिले तर सिलिंडरांच्या भोवती पाण्याची मोकळी खाच दिसते, म्हणजे डेक (ज्यावर हेड बसते ती ब्लॉकची वरची सपाटी) उघडा आहे आणि सिलिंडरांच्या वरच्या टोकांना बाजूने कसलाच आधार नाही. यावर मला तीन सल्ले मिळाले आहेत. बेळगावच्या उद्यमबागेतील ओळखीच्या एका कारागिरांचे म्हणणे असे की, यंत्रांच्या पायात ओततात ते नॉन-श्रिंक ग्राउट वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरांभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत, अर्ध्यापर्यंत ओतावे. दुसऱ्या एकाने खाचेत ठोकून बसवायची पट्टी, म्हणजे ब्लॉक गार्ड, सुचवली. तिसरा सल्ला सिलिंडरच्या आतल्या मूळच्या नळ्या, म्हणजे लाइनर, काढून त्या जागी जाड नळ्या, म्हणजे स्लीव्ह, घालण्याचा आहे आणि तो अर्थातच सर्वांत खर्चिक आहे. इंजिन एकदाच उघडायचे आहे, म्हणून यांपैकी काय करावे हे जाणकारांनी सविस्तर सांगावे.

उत्तर : बोअर_होनिंग_उद्यमबाग

खानापूरकर, आपण प्रश्न नीट मांडला आहे, पण तिन्ही उपाय एकाच दुखण्यावरचे नाहीत. म्हणून आधी दुखणे कोठे आहे ते पाहू.

७५ मिमी बोअरच्या पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ सुमारे ४४ चौरस सेंटिमीटर भरते. ज्वलनाचा सर्वोच्च दाब १०० बार धरला, आणि आपल्या बेतात तो तेवढा सहज होईल, तर पिस्टनवर सुमारे साडेचार टन भार येतो. तेवढाच भार हेडला वर उचलू पाहतो. कनेक्टिंग रॉड तिरका असतो, त्यामुळे या भाराचा काही हिस्सा पिस्टनमार्फत सिलिंडरच्या एका भिंतीवर आडवा येतो. सर्वोच्च दाबाच्या क्षणी पिस्टन अगदी वरच असतो आणि उघड्या डेकच्या ब्लॉकमध्ये नेमकी तीच जागा निराधार असते. सिलिंडरचे वरचे टोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे जरी पुढे-मागे हलले, तरी हेड गॅस्केटची आगकडी (सिलिंडरच्या तोंडाभोवतीचे धातूचे कडे) घासली जाते आणि काही काळाने ज्वलनाचा वायू पाण्यात शिरू लागतो. थंड इंजिन सुरू करून दोन-चार मिनिटे होत नाहीत तोच रेडिएटरचा पाइप दगडासारखा टणक लागतो, कूलंटच्या बाटलीत बुडबुडे दिसतात, मात्र तेलात पाणी सापडत नाही. पुष्कळ जण अशा वेळी नुसते गॅस्केट बदलतात आणि महिन्याभराने पुन्हा तेच करतात.

आता ग्राउटचा सल्ला पाहा. अर्ध्यापर्यंत ओतलेला भराव सिलिंडरच्या खालच्या भागाला धरतो, तर आपल्याला आधार हवा आहे वरच्या भागाला. शिवाय पायात ओतायचे ग्राउट सिमेंटचे असते. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे ॲल्युमिनियमला खाते आणि त्या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, त्यामुळे भराव सच्छिद्र होऊन भिंतीपासून सुटण्याची शक्यता राहते. ओतीव लोखंडाच्या जुन्या ड्रॅग इंजिनांमध्ये ब्लॉक भरण्याची पद्धत आहे आणि तेथे ती उपयोगीही ठरते, कारण त्यांच्या भिंती पातळ बोअरिंगमुळे लवतात आणि शर्यत काही सेकंदांत संपते. आपण ट्रॅकवर सलग फेऱ्या मारणार असाल, तर भरलेल्या भागाची उष्णता पाण्याऐवजी तेलात जाईल आणि मोठा ऑइल कूलर लावावा लागेल. त्या कारागिरांचा हेतू चांगला असणार यात शंका नाही, परंतु हा उपाय आपल्या ब्लॉकसाठी नाही.

ब्लॉक गार्ड निदान योग्य जागी बसतो. पण ती पट्टी सिलिंडरचा सर्वांत तप्त भाग जेथे आहे तेथेच पाण्याची वाट अरुंद करते, आणि ती ठोकून बसवताना सिलिंडर गोल राहत नाही. बोअर गेज लावून पाहिले तर पट्टी बसण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या मापांत फरक स्पष्ट दिसतो. म्हणून पट्टी आधी आणि अंतिम बोअरिंग-होनिंग (सिलिंडरची भिंत कापून-घासून अचूक मापाला आणणे) नंतर, असाच क्रम पाळावा लागतो. तयार होन केलेल्या ब्लॉकमध्ये पट्टी ठोकून देणारे लोक आहेत, त्यांच्यापासून सावध राहा. पट्टी सैल बसली तर कंपनांनी खाली सरकते, घट्ट बसली तर भिंतीला ओरखडते. ०.८ बारच्या आसपास तिचा काही फायदा होतो असे मी मान्य करीन, पण १.२ बारसाठी मी ती सुचवणार नाही.

राहिला स्लीव्हचा मार्ग, आणि इंजिन एकदाच उघडायचे असेल तर तोच धरावा. वरच्या टोकाला रुंद कॉलर असलेले स्लीव्ह घेतले की शेजारच्या कॉलरी एकमेकींना आणि बाहेरच्या भिंतीला टेकतात. पाण्यासाठी त्यांत छिद्रे ठेवलेली असतात. अशा रीतीने उघडा डेक जवळजवळ बंद डेक होतो.

उत्तर : साचा_आणि_ओतकाम

वरील उत्तराशी मी सहमत आहे. माझा व्यवसाय ओतकामाचा असल्यामुळे स्लीव्हच्या धातूबद्दल थोडे सांगतो.

बेळगावात कास्टिंग आणि मशीनिंग दोन्ही हाताशी आहेत, म्हणून “लाइनर येथेच ओतून घेऊ” हा विचार कोणालाही सुचतो आणि तो चुकीचा नाही. मात्र साधे ग्रे आयर्न घेऊ नये. त्यातील ग्राफाइट पापुद्र्यांच्या रूपात असते आणि प्रत्येक पापुद्र्याच्या टोकाला भेग सुरू होण्यास जागा मिळते. एसजी आयर्नमध्ये तेच ग्राफाइट मॅग्नेशियमच्या प्रक्रियेमुळे गोळ्यांच्या रूपात येते, म्हणून तो धातू तुटण्याआधी थोडा ताणला जातो. ५००/७ या दर्जाचा अर्थच ५०० मेगापास्कल ताणशक्ती आणि ७ टक्के लांबी वाढण्याची क्षमता असा आहे. जास्त बूस्टसाठी मिळणारे तयार स्लीव्हही याच जातीच्या लोखंडाचे असतात. लाइनर सेंट्रिफ्युगल पद्धतीने ओतलेला असावा किंवा कंटिन्युअस कास्ट बारमधून काढावा. वाळूच्या साच्यातील नळीत एखादे सूक्ष्म छिद्र राहिले, तर ते होनिंगच्या शेवटच्या हातालाच वर येते आणि तोपर्यंतची सारी मजुरी वाया जाते.

बसवण्याच्या मापातही एक खोच आहे. ॲल्युमिनियम प्रत्येक अंशाला लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. स्लीव्हचा बाहेरचा व्यास ८० मिमी धरला आणि तापमान २५ अंशांवरून १०५ अंशांवर गेले असे मानले, तर दोन्ही धातूंच्या वाढीत सुमारे ०.०७ मिमी फरक पडतो. लाइनर स्वतः ब्लॉकपेक्षा जास्त तापतो, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक याहून कमी असतो, तरी थंड असताना घट्ट बसलेला लाइनर गरम इंजिनात सैल होऊ शकतो. केवळ घट्टपणावर विसंबून न राहता वर कॉलरला आणि खाली पायरीला पक्की बैठक मिळायलाच हवी. चारही कॉलरींची उंची डेकशी एकसारखी यावी म्हणून स्लीव्ह बसल्यानंतर संपूर्ण डेक एकाच सेटिंगमध्ये फेस, म्हणजे मशीनवर सपाट, करून घ्यावा.

जाता जाता एक गोष्ट. ब्राबॅम संघाच्या ज्या गाडीने नेल्सन पिके १९८३ मध्ये फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला, तिच्यातील बीएमडब्ल्यूचे टर्बो इंजिन आपल्या सिटीएवढेच, म्हणजे दीड लिटरचे, चार सिलिंडरांचे होते आणि त्याचा ब्लॉक रस्त्यावरच्या मोटारीच्या इंजिनावर आधारलेला, ओतीव लोखंडाचा होता. आमच्या धंद्याबद्दल अभिमान बाळगायला एवढे पुरेसे आहे.

उत्तर : केए२२_जुना_चालक

मला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. आपण ट्रेलर वापरणार हे उत्तमच, त्या निर्णयावर ठाम राहा.

दुसरे असे की, एवढाच खर्च करायचा असेल तर पहिल्या ऑक्टेव्हिया आरएसचे १.८ टर्बो इंजिन पाहावे. त्याचा ब्लॉक लोखंडी आहे आणि १.२ बारला त्या ब्लॉकला काही करावे लागत नाही. तेथे आधी कनेक्टिंग रॉड वाकतात, ब्लॉक टिकून राहतो.

प्रश्नकर्ता : खानापूर_व्हीटेक

सर्वांचे मनापासून आभार. ऑक्टेव्हियाचा सल्ला व्यवहाराला धरून आहे, पण मला याच इंजिनावर काम करायचे आहे, त्यामुळे स्लीव्हचा निर्णय पक्का समजावा. आणखी दोन शंका आहेत. हेडला जाड स्टड लावून जास्त टॉर्क दिला तर ब्लॉकला मदत होईल का? आणि ट्यूनिंग बेळगावात करून गाडी गोव्याकडे नेली, तर काही बदलावे लागेल का?

उत्तर : मॅप_आणि_टायमिंग

दुसऱ्या शंकेचे उत्तर मी देतो.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि येथील हवेचा दाब सुमारे ०.९२ बार असतो. वेस्टगेटची, म्हणजे टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची, स्प्रिंग बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब राखते, म्हणजे गेजवर १.२ दिसत असताना येथे मॅनिफोल्डमधील निरपेक्ष दाब २.१२ बार असतो. चोर्ला घाट उतरून किनाऱ्यावर गेलात की गेजवर तोच १.२ दिसेल, पण निरपेक्ष दाब २.२ च्या वर गेलेला असेल. सिलिंडरमध्ये चार टक्के जास्त हवा जाईल आणि बाहेरची हवाही बहुधा अधिक उष्ण असेल. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, मॅनिफोल्डवरील मॅप सेन्सरवरून निरपेक्ष दाब मोजतो, म्हणून त्याच्या टेबलमध्ये त्या वरच्या दाबांच्या रकान्यांची टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) भरलेली असली पाहिजे. बेळगावात ते रकाने कधी गाठलेच जात नाहीत, त्यामुळे अनेक ट्यूनर तेथे अंदाजाने आकडे टाकून मोकळे होतात. आपण त्या रकान्यांत दोन-तीन अंश टायमिंग मागे ठेवून घ्या, किंवा बूस्टची मर्यादा निरपेक्ष दाबावर बांधून घ्या.

याचा ब्लॉकशी काय संबंध, असे विचाराल तर माझ्या मते सर्वांत मोठा संबंध हाच आहे. नियमित ज्वलनात दाब चढतो आणि उतरतो, त्याला स्लीव्ह नसलेला ब्लॉकही बराच काळ तोंड देतो. नॉकिंग झाले की उरलेले मिश्रण एकाएकी पेटते आणि दाबाच्या लाटा भिंतीवर, गॅस्केटवर आणि पिस्टनच्या रिंगांमधल्या कडांवर आपटतात. उत्तम स्लीव्ह घातलेले इंजिनही चुकीच्या टायमिंगने एका फेरीत संपते. तेव्हा ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलवर १.२ बार चालवण्याचा विचार सोडून द्यावा. ९५ किंवा १०० ऑक्टेनचे घ्यावे, मोठा इंटरकूलर लावावा आणि इंजेक्टरांची क्षमता एथेनॉलमिश्रित इंधन धरून मोजावी. वीस टक्के एथेनॉल असेल तर तेवढ्याच हवेला शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण आठ टक्के जास्त इंधन लागते.

उत्तर : बोअर_होनिंग_उद्यमबाग

स्टडच्या शंकेबद्दल लिहितो. बोल्ट आवळताना तो ॲल्युमिनियमच्या आट्यांत फिरत फिरत ताणला जातो, तर स्टड जागेवर स्थिर राहतो आणि फक्त वरचा नट फिरतो. त्यामुळे आटे झिजत नाहीत आणि आवळ सर्वत्र सारखी येते. स्टड अवश्य लावावेत. परंतु उत्पादकाने दिलेल्यापेक्षा जास्त टॉर्क देऊ नये, कारण जितकी आवळ जास्त तितका सिलिंडर वरच्या भागात वेडावाकडा होतो.

याच कारणासाठी होनिंग टॉर्क प्लेट लावूनच करून घ्यावे. हेडच्या आकाराची, सुमारे ५० मिमी जाडीची, ग्राइंड केलेली प्लेट तेच स्टड, तेच गॅस्केट आणि तोच टॉर्क वापरून ब्लॉकवर आवळायची, मेन बेअरिंगच्या कॅपही आवळून ठेवायच्या आणि मग होन चालवायचा. हेड बसल्यावर सिलिंडरला जो आकार येणार, तो आधीच आणून त्यात गोलाई काढायची, एवढाच त्यामागचा हेतू आहे. ज्या मशीन शॉपमध्ये आपण ब्लॉक देणार आहात, तेथे प्लेट आहे का ते आधी विचारा. नसेल तर लेझर कटिंग करून प्लेट घ्यावी आणि सरफेस ग्राइंडरवर फेस करावी. आपल्याकडे हे काम दोन दिवसांत होण्यासारखे आहे. प्लेटशिवाय काम करून देतो असे कोणी म्हणाले, तर ब्लॉक परत घेऊन यावा.

पिस्टन रिंगांचे गॅप, म्हणजे रिंगच्या दोन टोकांमधली फट, मात्र स्वतः उभे राहून तपासा. टर्बोसाठी पहिल्या रिंगचा गॅप बोअरच्या प्रत्येक मिलिमीटरला ०.००५ ते ०.००६ मिमी, म्हणजे आपल्या ७५ मिमीला ०.३८ ते ०.४५ मिमी लागतो. १.२ बारला मी वरच्या आकड्याकडे झुकेन. गॅप कमी राहिला तर तापल्यावर रिंगची टोके एकमेकांना भिडतात, पिस्टनची कडा तुटून येते आणि दोष स्लीव्हवर ढकलला जातो. पिस्टन २६१८ मिश्रधातूचे असतील तर ते ४०३२ पेक्षा जास्त प्रसरण पावतात, म्हणून क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंतीमधली मोकळी जागा) पिस्टनसोबत आलेल्या कागदावरूनच ठेवावा. थंड इंजिनात त्यांचा थोडा खडखडाट ऐकू येईल, त्याची काळजी करू नये.

ब्लॉक पाठवण्यापूर्वी पिस्टन हातात आलेले असू द्या. पिस्टनचे प्रत्यक्ष माप घेतल्याशिवाय शेवटचा होन मारता येत नाही आणि नुसत्या कॅटलॉगवरील आकड्यावर मी तो मारतही नाही.