कोल्हापुरात सकाळचा नाश्ता / ब्रंच कुठे? मदत हवी आहे (जरा लवकर)

सई_मुलुंड · बुधवार, स. ११.१०
शुक्रवारी सकाळी महालक्ष्मी एक्सप्रेसने कोल्हापूरला पोचतोय. दोन दिवस आहोत. सकाळचं खाणं चांगलं मिळेल अशा जागा सुचवा. निवांत बसता आलं पाहिजे, ब्रंच टाइप. दहा-अकराला आरामात जाऊन पोटभर खाल्लं की जेवणाची कटकट नको. मिसळ *सोडून* सांगा प्लीज. गूगलवर सगळीकडे मिसळच येते आहे आणि मी वैतागले आहे. उद्या रात्री गाडी आहे.

बावडेकर_भाऊ · स. ११.१८
फडतरे. उद्यमनगरात. रिक्षावाल्याला नुसतं फडतरे म्हणा, पुढचं तो बघतो. नाहीतर बावडा मिसळ, खासबाग, चोरगे. दोन दिवस हायत म्हणताय तर चारी होत्यात. विषय संपला.

सई_मुलुंड · स. ११.२१
अहो, मिसळ *सोडून* लिहिलंय. ठळक करून.

बावडेकर_भाऊ · स. ११.२४
वाचलं ओ ताई. पण कोल्हापूरला येऊन मिसळ सोडून म्हणजे पंढरपूरला जाऊन विठोबा सोडून काय बघू, असं झालं.

पेठेतला_जावई · स. ११.४०
त्यांचं बरोबर आहे. कोल्हापूरची मिसळ म्हणजे नुसता लाल रस्सा आणि सोबत स्लाइस ब्रेड. ब्रेड कटात बुडवला की अर्धा आतच राहतो. मग चमच्याने शोधायचा. मला निदान पाव तरी लागतो.

रंकाळा_काठ · स. ११.५२
जावईबापू, ब्रेड विरघळतो म्हणूनच ठेवलाय. पाव वरवर कट पितो, स्लाइस आतपर्यंत पितो. आणि लाल म्हणजे रंग न्हवं. संकेश्वरी मिरचीचा ठसका, ब्याडगीचा रंग, वर भाजलेलं सुकं खोबरं, तीळ आणि घरची चटणी. डिशमध्ये मटकीची उसळ, बटाट्याची भाजी, चिवडा, शेव, आणि कट संपला की परत मागायचा. ते तुमच्या पेठेत शिकवत नाहीत.

नाशिकची_द्राक्षं · दु. १२.०५
तिखट झेपत नसेल तर नाशिकची मिसळ बेस्ट. काळा मसाला, पापड, दही, मळ्यात झाडाखाली बसून खायची. मुलांना खेळायला झोके असतात.

सई_मुलुंड · दु. १२.०७
मी नाशिकला जात नाहीये!!

तालमीची_लेक · दु. १२.३०
ताई, चिडू नका, इथं असंच चालतं. किती जण आहात, लहान कोण, म्हातारं कोण, उतरणार कुठं, गाडी हाय का रिक्षा, हे सांगा की आधी. आणि मिसळ का नको? ॲसिडिटी, का कट्टर विरोध? मी गंगावेशीत राहतो, रोज सकाळी बाहेर असतो, नीट सांगतो.

सई_मुलुंड · दु. १२.४४
चौघं. मी, नवरा, मुलगा (६ वर्षं), सासूबाई. स्टेशनजवळ लॉज घेतलाय. गाडी नाही. मिसळ नको कारण सासूबाई खाणार नाहीत. तुम्ही दादा की ताई? आयडी वेगळा, बोलणं वेगळं.

तालमीची_लेक · दु. १२.४९
ताईच. आमच्यात पोरीबी आलो-गेलोच म्हणतात. दोन दिवसांत तुम्हीबी म्हणाल.

ब्रंचचं मात्र मनातून काढा. इथं न्याहरी सकाळी सातला सुरू होते, अकराला कढया घासायला पडतात. वडा असो, पोहे असोत, उप्पीट असो (तुम्ही उपमा म्हणता ते), चांगल्या जागी साडेदहाला शेवटचा घाणा. त्यानंतर थेट जेवण, तांबडा-पांढरा. मधलं काही नाही. कॅफे झालेत नवे, तिथं अकराला पॅनकेक मिळेल, पण त्यासाठी रात्रभर गाडीत कशाला बसायचं?

बावडेकर_भाऊ · दु. १.१०
सासूबाईंना तिखट नको एवढंच ना? दही मिसळ मागा, कट बाजूला वाटीत घ्या. माझी आजी ऐंशीची, अशीच खाती.

वाफाळता_कप · दु. १.२६
मुलगा आहे म्हणताय तर गंगावेशीतला दूध कट्टा चुकवू नका. म्हशी उभ्या असतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात. कोमट, साखर घालायची गरजच नाही. तालमीतले पैलवान जोर-बैठका मारून येतात तेच हे दूध. सकाळी लवकर जा, नाहीतर संध्याकाळी. कोल्हापूरचा खरा नाश्ता हाच.

बालरोगवाली · दु. २.०२
सहा वर्षांच्या मुंबईच्या मुलाला न उकळलेलं दूध? नको. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होऊ शकतो, क्षयाचे जंतूही येऊ शकतात. बघायला जरूर न्या, धार काढताना त्याला गंमत वाटेल. दूध मात्र बाटलीत घ्या, उकळून पाजा.

वाफाळता_कप · दु. २.१५
आम्ही पिढ्यान्पिढ्या पितोय. एकालाही काही झालं नाही.

बालरोगवाली · दु. २.२१
ज्यांना झालं ते ताप आला म्हणून डॉक्टरकडे गेले, कट्ट्यावर सांगायला परत आले नाहीत.

रंकाळा_काठ · दु. २.३५
पैलवानाच्या पोटाला चालतं ते मुलुंडच्या पोटाला चालत नाही, इतकं मला तरी पटतंय. पण म्हैस बघायला नेऊन दूध लॉजवर उकळणार कशावर ते बी सांगा डॉक्टर.

सई_मुलुंड · दु. ३.४०
इलेक्ट्रिक किटली आहे. (दूध उतू जाईल त्यात, नवरा म्हणतो.)

थांबा, एक राहिलं. सासूबाईंचा चातुर्मास आहे, कांदा-लसूण नाही. आणि महालक्ष्मीचं दर्शन होईपर्यंत चहाशिवाय काही घेणार नाहीत. म्हणून मी दहा-अकरा म्हणत होते.

तालमीची_लेक · दु. ३.४४
अहो ताई!! हे पहिल्या ओळीत लिहायचं ना! पंचवीस जणांनी मिसळीवर दिवस घालवला.

बावडेकर_भाऊ · दु. ३.४६
कांदा-लसूण नाही म्हणजे कोल्हापूरच नाही. दही मिसळ कॅन्सल.

गादीवरचा_वाचक · दु. ३.५५
महालक्ष्मी नव्हे, अंबाबाई म्हणा. करवीरनिवासिनी अंबाबाई.

पेठेतला_जावई · दु. ४.०१
मग सईताई येणार त्या गाडीला काय म्हणायचं, अंबाबाई एक्सप्रेस?

गादीवरचा_वाचक · दु. ४.०४
रेल्वेचं रेल्वेपाशी. हा विनोदाचा विषय नाही.

*(या मुद्द्यावर पुढे झालेले अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – संपादक)*

तालमीची_लेक · सायं. ५.२०
बसून विचार केला. ऐका.

तुमची खरी अडचण हॉटेलची न्हाई, वेळेची हाय. शुक्रवार, त्यात श्रावणातला. देवीचा वार. साडेसातच्या आसपास उतरलात, लॉजवर आंघोळी, रिक्षानं देवळात पोचायला नऊ. दर्शनाची मोठी रांग लागली तर बाहेर पडायला अकरा-बारा कुठं गेले न्हाईत. तोवर पोरगं रडतंय, नवरा चिडलाय, आणि न्याहरीच्या कढया घासून झाल्यात.

म्हणून मुखदर्शनाची रांग धरा. लांबून दिसते, पण दिसते, आणि लवकर सरकते. सासूबाईंना आधीच विचारा मुखदर्शन झालं की खाणार का. हो म्हणाल्या तर साडेनऊला मोकळे. गाभाऱ्याजवळचं दर्शन शनिवारी पहाटे करा, देऊळ पहाटेच उघडतं.

आता खाणं. पोह्यात कांदा, उप्पिटात कांदा, वड्याच्या सारणात लसूण, सांबारात बहुतेक दोन्ही. राहिलं काय? शाबूची खिचडी. श्रावणात शुक्रवार-शनिवार उपवासाची माणसं भरपूर, महाद्वार रोडच्या आसपासच्या साध्या हॉटेलांत सकाळी मिळतेच. उपवासाची म्हणून कांदा-लसणाचा प्रश्नच न्हाई. शिरा मिळाला तर तो. आणि दावणगिरी लोणी डोसा, कोल्हापूरभर गाड्या हायत त्याच्या. चुरमुरे वाटून घातलेलं पीठ, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. सोबतच्या बटाट्याच्या भाजीत कांदा असतो, ती नको म्हणायचं. पोरगं लोणी-साखरेबरोबर खाईल.

एक लई महत्त्वाचं. आमच्याकडं "चटणी" म्हणजे कांदा-लसणाची लाल चटणी, जी तुम्ही मसाला म्हणता. "चटणी चालेल" म्हणालात की घात झाला. "खोबऱ्याची चटणी, लसूण घातलाय का?" असं पूर्ण वाक्य विचारा.

सई_मुलुंड · सायं. ५.३८
हे मला कुठेच मिळालं नसतं. चटणीचं तर नक्कीच नाही. मागे एका गावात (नाव नको) "कांदा नाही" असं शपथेवर सांगून सांबार दिलं आणि पहिल्याच चमच्याला कांद्याची अख्खी पाकळी. सासूबाई तेव्हापासून हॉटेलात फक्त केळं खातात. म्हणून ही सगळी धडपड.

रंकाळा_काठ · सायं. ६.०५
शनिवारी पन्हाळ्याला जा. वीस-बावीस किलोमीटर, एसटी हाय. धुक्यात बायका चुलीवर पिठलं-भाकरी करून देतात, सोबत दही. एकटीसाठी कांदा-लसणाशिवाय पिठलं हाटून द्या म्हटलं तर देतात, समोरच करत असतात. शंका आली तर बघत बसायचं. पावसात किल्ला दिसणार नाही, पण भाकरी दिसेल.

चामडं_आणि_मी · सायं. ६.३०
कोल्हापुरी चपला घेणार असाल तर चप्पल लाइनला जा. मात्र पावसात घालू नका. साल-हिरड्यानं कमावलेलं कातडं, भिजलं की आकार जातो. घरी नेऊन तेल लावा, आठ दिवस घरात वापरून सैल करा. २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडच्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. त्यामुळे निपाणीकडून आली म्हणून नकली, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

सई_मुलुंड · सायं. ६.३३
चपला नाही घ्यायच्या, पण धन्यवाद.

बावडेकर_भाऊ · रा. ९.१५
वहिनी, दादांना तरी एक दिवस सोडा. त्यांनी काय पाप केलंय?

---

सई_मुलुंड · रविवार, दु. ४.५०
परत आलो. सगळ्यांचे आभार, म्हणून सविस्तर लिहिते.

गाडी वेळेत. मुखदर्शनाला सासूबाई आधी "छे" म्हणाल्या, पण मोठ्या रांगेचं शेपूट बघून स्वतःच दुसरीकडे वळल्या. नऊ-चाळीसला बाहेर. महाद्वार रोडच्या एका छोट्या हॉटेलात शाबूची खिचडी मिळाली, शेवटच्या तीन प्लेट. तालमीची_लेक म्हणाली ते साडेदहा अगदी खरं, आमच्यामागून आलेल्यांना चहा-बिस्किटावर भागवावं लागलं. दाण्याचं कूट भरड, हिरवी मिरची तुपात तडतडवलेली, वर लिंबाची फोड. सासूबाईंनी बशी संपवून चमचा उलटा ठेवला. आमच्या घरात हे प्रशस्तिपत्र आहे.

डोसा शनिवारी. मी पूर्ण वाक्य विचारलं. गाडीवाले काका म्हणाले, "लसूण हाय, पण तुमच्या आईंना नुसतं लोणी अन् साखर देतो." मुलाने दोन खाल्ले आणि लोण्याचे हात माझ्या ओढणीला पुसले. पन्हाळा पावसामुळे राहिला.

म्हशी बघितल्या. दूध किटलीत उकळलं. उतू गेलं. नवऱ्याने काही न बोलता पुसलं. कारण त्याआधी तो "जरा एटीएम बघून येतो" म्हणून तास-दीड तास गायब होता आणि आला तेव्हा टकलावर घाम, शर्टावर तांबडा शिंतोडा. सासूबाईंनी वास घेतला. मला वाटलं आता ऐकवणार. तर म्हणाल्या, "कार्तिकी होऊ दे, मग मलाही ने."

बावडेकर_भाऊ · दु. ५.०२
कुठली खाल्ली ते सांगा फक्त.

सई_मुलुंड · दु. ५.०६
सांगत नाही म्हणतोय. "नाव सांगितलं तर धाग्यात भांडण होईल."

तालमीची_लेक · दु. ५.११
लई हुशार हायत दादा. कार्तिकीनंतर या, पण या वेळी कोण काय खात न्हाई ते आधी लिवा.

चामडं_आणि_मी · दु. ५.३०
शेवटी चपला घेतल्या का?