अनुभव धागा: आगमनकाळात येशूजन्माची गोष्ट कशी वाचता, कशी मांडता?

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. कुलकुल, करंज्या आणि केकवर भरपूर बोलून झालंय, इथे फक्त येशूजन्माच्या गोष्टीबद्दल लिहू. ती वाचताना, गोठ्यात मांडताना, मुलांना सांगताना काहीतरी हाती लागावं म्हणून तुम्ही नेमकं काय करता? ‘मन लावून प्रार्थना करा’ एवढंच नको. किती वचनं, कुठला अध्याय, गाडी कुठे अडते, तेही येऊ द्या.

वाचनवेडी

येशूजन्म दोन शुभवर्तमानांत (येशूचरित्रांत) आहे, मत्तय आणि लूक. त्यातल्या लूकच्या दुसऱ्या अध्यायावर थेट उडी मारायची नाही. तो इतका पाठ असतो की डोळे नुसते वरून घसरतात. पहिल्या आठवड्यात लूकचा पहिला अध्याय घ्या. 80 वचनं आहेत, रोज अकरा-बारा होतात. त्यातला बराच भाग जखऱ्या आणि अलीशिबा या म्हाताऱ्या जोडप्याचा आहे. मुलाची आशा सोडलेला याजक, देवदूताचं ऐकूनही त्याचा विश्वास बसत नाही आणि बाळाचं नाव पाटीवर लिहीपर्यंत त्याची वाचा बंद. वाट पाहण्याबद्दल याहून नेमकं काही वाचायला मिळणार नाही.

दुसऱ्या आठवड्यात मत्तयमधली येशूची वंशावळ, म्हणजे सगळे गाळतात तोच भाग. बापांच्या त्या लांबलचक यादीत मरियेच्या आधी चार बायका आहेत: तामार, राहाब, रूथ आणि नाव न घेता ‘उरियाची बायको’. प्रत्येकीला एक दिवस द्या. उत्पत्ती 38, यहोशवा 2, 2 शमुवेल 11. रूथचे चार अध्याय मात्र एका बैठकीत वाचा, तिची गोष्ट बेथलेहेमच्याच शेतात घडते. लोकांनी बोट दाखवावं किंवा परकी म्हणून बाजूला ठेवावं, असं काहीतरी चौघींच्याही वाट्याला आलंय. त्यानंतर पाचवी मरिया येते, तेव्हा योसेफाची पंचाईत खरी कळते. वाङ्निश्चय झालेली मुलगी गरोदर आहे आणि तिची बदनामी न करता त्याला गुपचूप मोकळं व्हायचंय.

तिसऱ्या आठवड्यात जुन्या करारातले संदेष्टे: यशया 9 आणि 11, मीखा 5. चौथा आठवडा दगा देतो. 2023 सारखा चौथा रविवार 24 डिसेंबरला आला, तर तो ‘आठवडा’ एका दिवसाचा. म्हणून लूक 2:1-20 हा भाग 17 तारखेपासूनच धरावा. मत्तयचा दुसरा अध्याय, म्हणजे ताऱ्यामागून पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांचा, नाताळनंतर, 6 जानेवारीच्या त्यांच्या सणापर्यंत.

वसईकर

नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्याचं सांगतो. आधी मूर्ती मोजा, मग घर बांधा. मूर्ती सहा इंची असेल तर दार आठ-नऊ इंचांचं हवं. उलट केलं की योसेफ छपराला टेकतो. मेंढरं लहान-मोठी असतील तर लहान मागे, मोठी पुढे. आपोआप खोली दिसते.

डोंगरासाठी खळ: एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी. गुठळ्या मोडून मंद आचेवर चकचकीत होईस्तोवर ढवळा. उतरवल्यावर चिमूटभर मोरचूद घाला, नाहीतर आठवडाभरात झुरळं कागद कुरतडतात. मोरचूद विषारी असतं, भांडं कायमचं वेगळं ठेवा. खाकी कागद चुरगळा, खळ लावा, गोणपाटावर बसवा. पुरते दोन दिवस वाळू द्या. ओल्यावर रंग मारला की डोंगर बसलाच.

हिरवळीला नाचणी. 12-13 तारखेला रात्रभर भिजवा, सकाळी ताटात अर्धा इंच मातीवर दाट पसरा, दोन दिवस ओल्या फडक्याखाली ठेवा. मग उजेड द्या आणि ताट रोज फिरवा, नाहीतर सगळं गवत खिडकीकडे झुकतं. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. ओतलं की बुरशी धरते. नाताळपर्यंत तीन-चार बोटं उंच होतं.

आता मुद्द्याचं. गव्हाण पुढे, मधोमध आणि 24 च्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी. बरेच जण गोठा झाला की बाळही ठेवून मोकळे होतात. मग आगमनकाळात येणार कोण? मागी लोक खोलीच्या दुसऱ्या टोकाला, टीव्हीजवळ वगैरे. रोज वीतभर सरकवायचे, 6 जानेवारीला पोचवायचे. मत्तयमध्ये ते गोठ्यात येतच नाहीत, घरात येतात. किती जण होते तेही लिहिलेलं नाही. भेटी तीन (सोने, ऊद, गंधरस) म्हणून आपण माणसं तीन धरली.

बैल आणि गाढवही दोन्ही शुभवर्तमानांत नाहीत, तरी काढू नका. ते यशया 1:3 मधून आलेत: बैल धन्याला ओळखतो, गाढव मालकाची गव्हाण ओळखतं, माझे लोक मात्र ओळखत नाहीत. 1223 मध्ये संत फ्रान्सिसने इटलीत ग्रेचो गावी गव्हाण मांडली तेव्हा गवत आणि खरे बैल-गाढव आणवले होते. म्हणून ही जोडी कोपऱ्यात ढकलायची नाही. तोंडं गव्हाणीकडे.

चुनखडी

वसईकरदादा, छपराऐवजी गुहा केली तरी चालते की. लूक फक्त गव्हाण म्हणतो, गोठा म्हणत नाही. गुहेचा उल्लेख दुसऱ्या शतकातल्या जस्टिन या ख्रिस्ती लेखकाकडे आहे आणि बेथलेहेमच्या चर्चखाली आजही गुहाच दाखवतात. तिथे जमिनीत चौदा टोकांचा चांदीचा तारा आहे. चुनखडीच्या त्या मुलखात दगडी गव्हाणी असत. शाडूची करून पांढरट रंग द्या, आत पेंढा.

सुरूची फांदी

मूर्ती नको असतील त्यांच्यासाठी आगमनचक्र. हँबर्गच्या विचर्न नावाच्या पाळकाने 1839 मध्ये अनाथ मुलांना नाताळचे दिवस मोजता यावेत म्हणून ते सुरू केलं. सुरूच्या फांद्या गुंडाळलेली फूटभर व्यासाची कडी, तीन जांभळ्या मेणबत्त्या, तिसऱ्या रविवारची गुलाबी, मधे पांढरी. दर रविवारी एकेक वाढवत पेटवायची. पहिली चार वेळा पेटते, म्हणून ती आठ-नऊ इंचांची घ्या किंवा दर वेळी दहाच मिनिटं पेटवा. सुरूच्या फांद्या आठवड्यात वाळून कोळ होतात आणि भप्पकन पेटतात. दर शनिवारी बदला.

टाळकरी

आमच्या नगरकडच्या मंडळींत कीर्तनाची सोय आहे, ती वापरा. पूर्वरंगाला मीखा 5:2 घ्या. यहूदाच्या कुळांत बेथलेहेम लहानसं, आणि सत्ताधीश निघणार तिथूनच. निरूपण वीस मिनिटं, जास्त नाही. उत्तररंगात मेंढपाळ. मधे मरियेचं गीत, लूक 1:46-55, बलवंतांना आसनांवरून खाली ओढणारं. लोक ते अंगाईसारखं गातात, हे मला पटत नाही. द्रुत लयीत घ्या, टाळ चढू द्या. वाचनवेडीताई दोन्ही शुभवर्तमानं वेगळी ठेवायला सांगतात, वाचनात ते ठीक. कीर्तनात तारा आणि मेंढपाळ एकत्र आले तर श्रोता तक्रार करत नाही.

रविवारची शाळा

श्रोता नाही करत, मुलं करतात! त्यांच्यासाठी चिठ्ठ्यांचा खेळ. तारा, गव्हाण, हेरोद राजा, शिरगणती, योसेफाचं स्वप्न, देवदूतांचं गाणं, मिसरला (इजिप्तला) पळणं, मेंढपाळ, सोने, गाढव अशा वीसेक चिठ्ठ्या. तीन डबे: मत्तय, लूक, कुठेच नाही. शुभवर्तमान उघडून शोधायची मुभा. तारा लूकमध्ये नाही आणि शिरगणती मत्तयमध्ये नाही, हे स्वतः सापडलं की मुलं बाकीचं वाचतातच. मरिया ज्या गाढवावर बसून येते ते तिसऱ्या डब्यात जातं, तिथे मोठा गोंधळ होतो. होऊ द्या.

हेरोदाने मारवलेल्या बालकांची चिठ्ठी आठ वर्षांखालच्या गटात ठेवू नका, पण मोठ्यांपासून लपवूही नका. चर्च 28 डिसेंबरला त्यांची आठवण करतंच. त्या दिवशी मिसरला पळणाऱ्या तिघांची चिठ्ठी पुन्हा काढा आणि एकच प्रश्न विचारा: रात्रीत घर सोडायचं तर योसेफाने बरोबर काय घेतलं असेल? उत्तरं फळ्यावर लिहा. दुरुस्त करू नका.