समोच्च रेषांवरून चढ किती तीव्र ते कसं ओळखता?

पायवाट:
टोपोशीट, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा दाखवणारा नकाशा, वाचायला नुकतीच लागले आहे. समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या समोच्च रेषा दाट तिथे चढ तीव्र, विरळ तिथे मंद, एवढं कळतं. पण एकाच डोंगराच्या एका नकाशात रेषांची गर्दी आणि दुसऱ्यात त्या सुट्या-सुट्या, असं कसं? चढ झेपेल का हे निघण्याआधी ठरवायचं तर नेमकं काय बघता?

कातळकडा:
आधी समासातली माहिती वाचा: नकाशाचं प्रमाण आणि कंटूर इंटरव्हल, म्हणजे लगतच्या दोन रेषांमधला उंचीचा फरक. इंटरव्हल २० ऐवजी १० मीटर असेल तर त्याच उतारावर दुप्पट रेषा येतात. तुमचा गोंधळ बहुधा यामुळेच.

आता गणित. १:५०,००० वर १ मिमी म्हणजे जमिनीवर ५० मीटर. इंटरव्हल २० मीटर आणि रेषांमध्ये २ मिमी असतील, तर १०० मीटर आडव्या अंतरात २० मीटर चढ. म्हणजे २० टक्के, अंशांत साधारण ११. अंतर १ मिमी असेल तर ४० टक्के, सुमारे २२ अंश. अर्धाच मिमी असेल तर ८० टक्के, जवळजवळ ३९ अंश, आणि तिथे पाठीवर ओझं घेऊन चढताना चांगलाच कस लागतो. १०० टक्के म्हणजे ४५ अंश, उभा कडा नव्हे. एकेक रेषा मोजण्यात चूक फार होते. ठळक रेषा बहुतेक नकाशांत दर पाचवी असते, त्यामुळे ठळक ते ठळक मोजा, पट्टी रेषांना काटकोनात धरून.

डोंगरधार:
सरासरीवर विसंबू नका, दाटी उतारावर कुठे आहे ते बघा. पायथ्याशी रेषा दाट आणि वर विरळ असतील तर उतार बहिर्वक्र, म्हणजे बाहेर फुगलेला. असा डोंगर उतरताना जास्त सांभाळावं लागतं, कारण वरच्या सौम्य भागावरून खालचा तीव्र टप्पा दिसतच नाही. आणि इंटरव्हल २० मीटर असेल तर १५ मीटरचा कडा दोन रेषांच्या मध्ये सहज लपतो. कड्याची खूण वेगळी छापली आहे का, ते जरूर तपासा.

पायवाट:
फारच उपयोगी! माझ्याकडे नकाशाची पीडीएफ आहे. प्रिंट काढून मोजलं तर चालेल?

कातळकडा:
प्रिंट पानात बसवताना नकाशा लहान-मोठा झाला की १:५०,००० हा आकडा खोटा ठरतो. रेषाप्रमाण, म्हणजे नकाशावर छापलेली अंतराची पट्टी, मात्र नकाशाबरोबरच बदलतं, म्हणून ते खरंच राहतं. कागदाच्या कडेवर अंतराच्या खुणा करून ती कड रेषाप्रमाणाला लावा.

डोंगरधार:
वाट रेषांना तिरकी कापत असेल तर पायाखालचा चढ डोंगराच्या उतारापेक्षा कमी असतो, तेव्हा शेवटचं मोजमाप वाटेवरूनच घ्या. वेळेसाठी स्कॉटिश गिर्यारोहक नाइस्मिथचा १८९२ चा नियम अजून कामी येतो: दर ५ किमीला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. यात विश्रांती धरलेली नाही, ती वेगळी मिळवा.