नॅरोबोट मित्राला देणे, अदलाबदल करणे किंवा भागीदारीत ठेवणे : विम्याचे काय?

सत्तावन्न फूट (प्रश्न)

नमस्कार. आमची सत्तावन्न फुटी नॅरोबोट (कालव्यांसाठीची लांब, अरुंद बोट) इंग्लंडमधील ग्रँड युनियन कालव्यावर ब्राउन्स्टनजवळ कायम मुक्कामाला असते. वर्षातून पाच-सहा आठवड्यांपलीकडे आम्हाला तिच्यावर जाणे जमत नाही आणि उरलेला सगळा काळ ती काठाला नुसती बांधलेली असते. परवाना, मुक्कामाच्या जागेचे भाडे आणि विम्याचा हप्ता मात्र बोट हलो वा न हलो भरावाच लागतो. गेल्या महिन्याभरात आमच्यापुढे तीन प्रस्ताव आले आहेत आणि तिन्हींच्या आड विम्याचा प्रश्न येतो.

कार्यालयातील एका सहकाऱ्याला ऑगस्टमध्ये आठवडाभर बोट हवी आहे आणि डिझेल, गॅस यांच्या खर्चाशिवाय 'वर काहीतरी' द्यायची त्यांची इच्छा आहे. लँगोलेन कालव्यावर बोट असलेल्या एका परिचित जोडप्याने पंधरा दिवसांसाठी बोटींची अदलाबदल सुचवली आहे, म्हणजे ते आमच्या बोटीने हॅटनचे एकवीस लॉक (पाण्याची पातळी वर-खाली करून बोट चढवणारे-उतरवणारे दारबंद हौद) चढतील आणि आम्ही त्यांच्या बोटीने पाँटकिसिल्टेच्या जलसेतूवरून जाऊ. तिसरा प्रस्ताव मेहुणी आणि साडू यांचा असून त्यांना बोटीत कायमचा तिसरा हिस्सा हवा आहे.

आमच्या पॉलिसीत 'केवळ खासगी करमणुकीसाठी वापर' असे लिहिले आहे, मालकाच्या परवानगीने बोट चालवणाऱ्या व्यक्तीला संरक्षण असल्याचाही उल्लेख आहे, आणि लगेच पुढच्याच पानावर 'भाड्याने किंवा मोबदला घेऊन दिल्यास संरक्षण लागू नाही' असेही म्हटले आहे. डिझेलचे पैसे घेणे हा मोबदला ठरतो का? पैशांचा व्यवहारच नसलेल्या अदलाबदलीचे काय? कंपनीला फोन केला तेव्हा 'सहसा हरकत नसते' असे उत्तर मिळाले, आणि त्या 'सहसा'मुळेच मी इथे विचारत आहे.

टिलरधारी

आपण फोनवरच्या उत्तरावर थांबला नाहीत हे उत्तम केलेत. मी थांबलो होतो, म्हणून माझा अनुभव थोडा सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी मी माझी बोट भाच्याला दहा दिवसांसाठी दिली. ब्रिटनच्या कालव्यांवर खासगी बोट चालवायला मोटारीसारखा चालक परवाना लागत नाही, त्यामुळे कायद्याने त्याला आडकाठी नव्हती, आणि निघण्यापूर्वी मी त्याला टिलर (सुकाणूचा दांडा), दोर आणि लॉकच्या झडपा उघडण्याची किल्ली यांची माहिती अर्ध्या तासात दिली. तिसऱ्या दिवशी बोटीला पुढे ढकलणाऱ्या, पाण्याखालच्या पंख्यात दोरी अडकली. त्याने इंजिन बंद केले, मागच्या भागातील वीड हॅचचे (पंख्यापर्यंत हात पोहोचवण्याच्या खिडकीचे) झाकण उघडून दोरी कापून काढली, इथपर्यंत सगळे बरोबर केले. पण झाकण पुन्हा लावताना त्याचा दट्ट्या पक्का आवळला नाही. इंजिन सुरू होऊन पंखा फिरू लागला की सैल झाकणातून पाणी थेट इंजिनाच्या खणात उसळते, आणि चालवणारा त्याच खणाच्या वर उभा राहून पुढे पाहत असल्यामुळे त्याच्या ते लक्षातही येत नाही. कालवा उथळ असल्याने बोट तळावर बसली, कोणाला इजा झाली नाही. पण इंजिन, विजेची व्यवस्था आणि निम्मी लाकडी जमीन गेली.

विमा कंपनीने पहिल्याच पत्रात दोन गोष्टी विचारल्या : बोट कोण चालवत होते आणि त्याने पैसे दिले होते का. भाच्याने खर्चापोटी म्हणून माझ्या खात्यात रक्कम पाठवताना बँकेच्या तपशिलात 'बोटीचे भाडे' असे हौसेने लिहिले होते. तो शब्द काय अर्थाने लिहिला होता, हे पटवून देण्यात पाच महिने गेले आणि अखेरीस दावा काही अंशी कापून मंजूर झाला. सहकाऱ्याकडून 'वर काहीतरी' घेऊ नका. डिझेलची टाकी त्यांनी जेवढी भरलेली घेतली तेवढीच भरून परत करावी, गॅसची बाटली त्यांनीच विकत घ्यावी, म्हणजे आपल्या हातात एक पैसाही येत नाही आणि वादाला जागा उरत नाही.

दावेदार

मी दावे तपासण्याच्या कामात बरीच वर्षे घालवली आहेत. कोणत्याही एका पॉलिसीबद्दल नव्हे, तर इंग्लंडमधील सर्वसाधारण चौकटीबद्दल लिहितो. शेवटचा शब्द आपल्या पॉलिसीतील मजकुराचाच असेल.

इथे दोन वेगळे करार एकमेकांत मिसळले जातात. पहिला कॅनल अँड रिव्हर ट्रस्टबरोबरचा, म्हणजे कालवे सांभाळणाऱ्या आणि बोटींना परवाना देणाऱ्या संस्थेबरोबरचा. 1995 च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याप्रमाणे परवान्यासाठी बोटीचा सुरक्षा दाखला, विमा, आणि कायम मुक्कामाची जागा किंवा सतत प्रवास या तीन गोष्टी लागतात. तृतीय पक्षाच्या नुकसानीसाठीचा विमा किमान 20 लाख पौंडांचा असावा अशी ट्रस्टची अट आहे. खासगी परवान्यावर बोट भाड्याने देता येत नाही. भाड्याने द्यायची असेल तर परवाना वेगळा, सुरक्षा तपासणीचे निकष वेगळे आणि विमाही वेगळा लागतो. म्हणजे 'भाडे' हा शब्द खरा ठरला तर तुम्ही विमा कंपनीची आणि ट्रस्टची, अशा दोन्हींच्या अटी एकाच वेळी मोडलेल्या असतात.

दुसरा करार विम्याचा. ग्राहकाने घेतलेल्या विम्याला 2012 चा ग्राहक विमा (माहिती व निवेदने) कायदा लागू होतो. त्यानुसार न विचारलेली माहिती आपणहून पुरवण्याचे बंधन तुमच्यावर नाही, मात्र विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर वाजवी काळजी घेऊन देण्याचे आहे. 'तुमच्याशिवाय बोट कोणी वापरणार आहे का' या प्रश्नापुढे तुम्ही निष्काळजीपणे 'नाही' लिहिले आणि खरे उत्तर दिले असते तर हप्ता वाढला असता, तर कंपनी त्या प्रमाणात दाव्याची रक्कम कमी करू शकते. जाणूनबुजून खोटे लिहिले असेल तर पॉलिसीच रद्दबातल धरू शकते. टिलरधारींचा दावा 'काही अंशी' का मंजूर झाला असावा, याचा अंदाज यावरून बांधता येतो, जरी ते पत्र मी पाहिलेले नाही.

2015 च्या विमा कायद्याचे अकरावे कलम पुष्कळांना तारणहार वाटते. मोडलेल्या अटीमुळे, घडलेले नुकसान घडलेल्या परिस्थितीत होण्याची शक्यता वाढूच शकत नव्हती, असे तुम्ही दाखवून दिले, तर कंपनीला त्या अटीचा आधार घेऊन दावा नाकारता येत नाही. पण संपूर्ण जोखमीचीच व्याख्या करणाऱ्या अटीला हे कलम लागू नाही, आणि 'केवळ खासगी करमणुकीसाठी वापर' ही नेमकी तशा प्रकारची अट आहे. त्यामुळे 'भाडे घेतले तरी पाणी शिरण्याशी त्याचा काय संबंध' हा युक्तिवाद ऐकायला कितीही योग्य वाटला तरी त्यावर विसंबून राहू नये.

अदलाबदलीत पैसे नाहीत म्हणून मोबदला नाही, असे मी म्हणणार नाही. तुम्हाला पंधरा दिवस फुकट बोट मिळते, तिला पैशांत मोजता येणारी किंमत आहे, आणि कंपनीने तसे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही. अनेक कंपन्या अदलाबदलीला मान्यता देतात, परंतु आधी आणि लेखी विचारल्यावर. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची : विमा बोटीचा असतो. लँगोलेनवर तुम्ही टिलर धरलात की तुमचे संरक्षण पूर्णपणे त्यांच्या पॉलिसीवर अवलंबून असते, तुमच्या स्वतःच्या चांगल्या पॉलिसीचा तिथे काडीचाही उपयोग नसतो. परवानगीने बोट चालवणाऱ्याचा समावेश त्यांच्या पॉलिसीत नसेल आणि तुमच्या चुकीने बोट बुडाली, तर कंपनी मालकाला भरपाई देईल आणि मग मालकाच्या जागी उभी राहून ती रक्कम तुमच्याकडे मागू शकेल. मित्रांमध्ये हे कोणी बोलत नाही, आणि दावा उभा राहिला की मैत्रीचा निर्णय मित्रांच्या हातात राहत नाही.

सत्तावन्न फूट

दावेदार, मनःपूर्वक आभार. शेवटचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. मी आतापर्यंत केवळ आमच्या बोटीच्या काळजीत होतो. त्या जोडप्याकडे पॉलिसी पाहायला मागणे अविश्वास दाखवल्यासारखे वाटेल का, हा संकोच मात्र आहे.

टिलरधारी

तुमची पॉलिसी आधी पाठवा, म्हणजे त्यांची मागावी लागणार नाही.

एक बारांश

मी तिसऱ्या प्रस्तावाविषयी लिहितो, कारण बारा वाटेकऱ्यांच्या एका बोटीत माझा हिस्सा आहे. ब्रिटनमध्ये रीतसर नोंदणी झालेल्या जहाजाचे कायद्याने चौसष्ट हिस्से धरले जातात; आमच्यासारख्या बहुतेक नॅरोबोटींची तशी नोंदणी नसते, त्यामुळे कोणाचा किती वाटा हे खरेदीखत आणि आपापसांतील करारावरूनच ठरते. ट्रस्टचा परवाना कोणाच्या नावावर आहे यावरून मालकी सिद्ध होत नाही, हे आपल्या साडूंनाही सांगून ठेवा.

भागीदारीत सर्वांची नावे पॉलिसीवर मालक म्हणून असली पाहिजेत. एकाच्या नावावर विमा ठेवून इतरांनी 'परवानगीने' वापरणे हा सोयीचा मार्ग दिसतो, परंतु बोटीत ज्याचे पैसे गुंतले आहेत आणि ज्याचे नाव पॉलिसीवर नाही, त्याच्या हिश्श्याची भरपाई मागायला उभे कोणी राहायचे, हा प्रश्न बोट बुडाल्यावर सोडवण्यासारखा नाही. दाव्यातील जी पहिली रक्कम स्वतःला सोसावी लागते ती ज्याच्या आठवड्यात अपघात झाला त्याने द्यायची की सर्वांनी मिळून, नो-क्लेम सवलत गेल्यामुळे वाढलेला हप्ता कोणाच्या माथी, एखाद्याला बाहेर पडायचे असल्यास हिश्श्याची किंमत कोण ठरवणार, हे सारे आमच्या करारात आहे. सर्वाधिक भांडणे मात्र यांपैकी कशावरूनही झाली नाहीत. ती झाली शौचालयाची टाकी रिकामी न करता बोट पुढच्याच्या ताब्यात देण्यावरून.

हिवाळ्याची जबाबदारी एका व्यक्तीवर नावानिशी टाका. थंडीत नळांतील पाणी काढून टाकण्याची अट बऱ्याच पॉलिसींत असते, आणि तिघांचे काम ते कोणाचेच नसल्यामुळे नळ फुटतात. बोट जुनी असेल तर कंपनी तिला पाण्याबाहेर काढून तळाच्या पत्र्याची तपासणी मागते. त्या अहवालातील दुरुस्त्या वेळेत झाल्या की नाहीत, याचीही नोंद एकाकडेच असावी.

अदलाबदलीबद्दलही एक सांगतो. लँगोलेनचे लॉक जेमतेम सात फूट रुंदीचे आहेत, त्यांत बोट बाणासारखी शिरते आणि जागेवर राहते. ग्रँड युनियनचे लॉक चौदा फुटी आहेत. तिथे एकटी नॅरोबोट पाणी भरताना या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटते. आयुष्यभर अरुंद लॉक केलेली अनुभवी माणसेही हॅटनला पहिल्या तासात गोंधळतात. आणि उतरत्या लॉकमध्ये वरच्या दारापाशी पाण्याखाली असणारा सिल हा दगडी कठडा पांढऱ्या रेषेने दाखवलेला असतो. बोटीचे मागचे टोक त्या रेषेच्या पुढे राहिले पाहिजे. ते कठड्यावर टेकले तर पाणी उतरता उतरता मागची बाजू अडकून राहते, पुढची बुडते आणि काही मिनिटांत बोट जाते. तसे होऊ लागल्यास खालच्या दाराच्या झडपा ताबडतोब बंद करून वरून सावकाश पाणी भरायचे, हे मी प्रत्येक नव्या वाटेकऱ्याकडून पाठ म्हणून घेतो.

दावेदार

त्याला जोडून : पॉलिसीत बुडालेली बोट वर काढण्याच्या खर्चाचा समावेश आहे का ते पाहा. 1983 च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याच्या आठव्या कलमानुसार बुडालेली बोट हटवून तिचा खर्च मालकाकडून वसूल करण्याचा अधिकार ट्रस्टला आहे, आणि तेव्हा ती कोणी बुडवली हे गौण ठरते. बोट भरती-ओहोटीच्या पाण्यात, उदाहरणार्थ लाइमहाउस ते ब्रेंटफर्ड या थेम्सच्या टप्प्यात, नेण्याची मुभा पाहुण्यांना देऊ नका. अनेक पॉलिसींत त्यासाठी वेगळी पूर्वसूचना लागते.

सत्तावन्न फूट

तीन आठवड्यांनी परत येत आहे. मी कंपनीला पत्राने तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे विचारल्या. सहकाऱ्याला विनामोबदला देण्यास त्यांनी लेखी होकार दिला असून चालवणाऱ्याचे नाव आणि तारखा आधी कळवायला सांगितल्या आहेत. डिझेल ज्याचे त्याने भरणे त्यांना चालते, रोख रक्कम चालत नाही. अदलाबदलीसाठी त्यांनी समोरच्यांची पॉलिसी आणि बोट चालवण्याचा त्यांचा अनुभव मागितला, आणि आर.वाय.ए.चे (रॉयल यॉटिंग असोसिएशनचे) इनलँड वॉटरवेज हेल्म्समन हे बोट चालवण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र असल्यास त्याची प्रत जोडावी असे सुचवले. टिलरधारींच्या सल्ल्याप्रमाणे मी आमची पॉलिसी आधी पाठवली. उत्तरादाखल त्यांची आली तेव्हा दिसले की त्यांच्या पॉलिसीत बोट चालवणारे म्हणून फक्त त्या दोघांचीच नावे आहेत आणि इतर कोणालाही संरक्षण नाही. त्यांनाच ते ठाऊक नव्हते. त्यांची कंपनी आमची नावे जोडून देईपर्यंत बेत सप्टेंबरवर गेला आहे.

भागीदारीचा विचार सध्या थांबवला आहे. 'तुमच्या आठवड्यात बोट बुडाली तर पहिली रक्कम कोणाची' असे मी विचारल्यावर साडूंनी 'घरच्या घरी असले कागद कशाला' असे म्हटले.

एक बारांश

मग आणखी एक हंगाम थांबा. त्यांना तुमच्याबरोबर हॅटनला घेऊन जा आणि येताना शौचालयाची टाकी कोण रिकामी करतो ते पाहा.